खाऱ्याला कोण मीठ म्हणतं?

चांगुणाबाईला खोटारडी म्हणणारा माणूस नावडे गावात कधी जन्माला आला नाही. तो दर गुरुवारी दादरहून पनवेलला यायचा, पांढऱ्या फियाटमधून, आणि त्याचं नाव होतं डॉक्टर करमळकर.

नावड्यात तिला बाकी सगळं म्हणून झालं होतं. फटकळ म्हणून झालं, भांडकुदळ म्हणून झालं, आणि तिची सख्खी नणंद बयाबाई हिने तर एकदा हळदीच्या मांडवात चारचौघांदेखत तिला जळतं कोलीत म्हटलं होतं. त्याचं चांगुणाबाईला काडीचं वाईट वाटलं नाही. आपल्या नाकावर राग असतो हे तिला आरशात न बघताही ठाऊक होतं. पण खोटं बोलणं तिला येतच नसे. मिठागरावर कामाला होती तेव्हा मुकादम इतर बायकांच्या टोपल्या दोनदा मोजायचा आणि हिला नुसतं विचारायचा, 'चांगुणा, किती?' ती सांगेल तो आकडा वहीत जायचा.

मिठागरावर ती नवव्या वर्षी गेली. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, तळाला दाणा धरला की लांब दांड्याच्या फळीने तो कडेला ओढायचा आणि टोपल्यांनी वाहून त्याचे ढीग रचायचे. दिवाळीनंतर सुरू झालेलं काम जेठापर्यंत चालायचं, आणि तेवढे महिने पायाच्या भेगा काही मिटायच्या नाहीत. गोटीराम तिथलाच. तो फळी ओढायचा, ती टोपली वाहायची. दोघांचं लग्न त्याच बांधावर ठरलं, कारण दोघांच्या आया तिथंच जेवायला बसायच्या. गोटीराम शांत माणूस. बायकोचं तोंड सुटलं की तो विडी पेटवून बांधावर जाऊन बसायचा आणि ती थकली की परत यायचा. असा संसार वीस वर्षं छान चालला.

मग सत्तरनंतर नवं शहर येणार म्हणून जमिनी गेल्या, भराव आले, मिठागर बंद पडलं. गोटीरामने कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली. मुलगा नंदकुमार मॅट्रिक होऊन तळोज्याला एका कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, जवळच्या ओवे गावची जयमाला सून म्हणून आली. सातवी पास, कामाला वाघ, आणि सासूला उलट उत्तर न देणारी. घरात ओरडणारं माणूस एकच असल्याने सगळं सुरळीत होतं.

त्र्याऐंशी सालच्या शिमग्यानंतर गोटीरामचे पाय सुजले. चप्पल बसेना. 'चामडा आकसलाय,' असं तो म्हणायचा. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसू लागली, जिना चढताना धाप लागू लागली, आणि एक दिवस गोदामाच्या फाटकात तो उभ्याचा खाली बसला. नंदकुमारने त्याला पनवेलच्या इस्पितळात नेलं. तिथं गुरुवारी मुंबईचे किडनीचे डॉक्टर येतात, असं कंपनीतल्या कुणी सांगितलं होतं.

करमळकर डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, रक्तदाब पाहिला आणि नंदकुमारकडे बघून बोलले. चांगुणाबाई समोर खुर्चीत बसली होती, पण तिच्याकडे बघून बोलायची त्यांना गरज वाटली नाही. किडन्या दोन्ही खराब झाल्यात, ते म्हणाले. रक्तदाबाने खाल्ल्या, वर्षानुवर्षं कुणी बघितलंच नाही. अजून थोडं काम करतायत. पुढे मशीनवर घालायची वेळ आली तर ती मुंबईला, आणि तिथंही नंबर लागायची मारामार. तेव्हा गोळ्या वेळेवर, पाणी मोजून, आणि मीठ बंद. मीठ थांबलं तर हा माणूस काही वर्षं काढेल. नाही थांबलं तर काही महिने.

'कलला ना?' बाहेर आल्यावर चांगुणाबाई मुलाला म्हणाली. 'मीठ बंद.'

डॉक्टरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला होता. घरी आल्यावर जयमालाने तो मोठ्याने वाचला. लोणचं, पापड, तयार चटण्या, फरसाण, वेफर्स, सॉस, चीज, खारट बिस्किटं. चांगुणाबाई कान देऊन ऐकत होती. चीज म्हणजे काय, हे तिने विचारलं. जयमालाला सांगता येईना. नंदकुमार म्हणाला, इंग्रज लोक खातात तसलं काहीतरी असतं. चांगुणाबाई म्हणाली, 'मंग ता आपल्याकडं बंदच हाय.'

अर्धवट काही करणं हा तिचा स्वभाव नव्हता. त्याच संध्याकाळी तिने घरातलं मीठ, बरणीतलं आणि पोत्यातलं, उचलून शेजारच्या शेवंताबाईच्या पडवीत नेऊन ठेवलं. नवऱ्यापुरतं वेगळं शिजवायचा प्रश्नच नव्हता. एका चुलीवर दोन भांडी चढली की चमचा इकडचा तिकडे होतो, हे तिला माहीत होतं. सगळं घर अळणी. नंदकुमार कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवू लागला. जयमालाच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी होती, अंगावर पाजत होती, तीही मुकाट अळणी भाकरी गिळू लागली.

गोटीरामला मात्र ते जाईना. त्याने कधी तक्रार केली नाही, तो बिचारा घास तोंडात घेऊन बसून राहायचा, आणि मग उठून परसात जाऊन थुंकायचा. पंधरा दिवसांत त्याचे दंड बारीक झाले. पायावर सूज आणि वर हाडं. चांगुणाबाईची काळजी तोंडातून शिव्या होऊन बाहेर यायची. 'गिला नाय तर मरा,' ती म्हणायची, आणि आत जाऊन डोळे पुसायची.

मग तिला पथ्य आठवलं.

आता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ इथं झाला, आणि पुढे ज्या शहाण्यांनी तिला हसून 'अडाणी' म्हटलं त्यांनी हे कधीच समजून घेतलं नाही. खाडीकाठच्या त्या गावांत माणूस आजारी पडला की त्याला पेज आणि खारा देतात. तांदळाची पातळ पेज, आणि मीठ लावून वाळवलेल्या बांगड्याचा निखाऱ्यावर भाजलेला एक तुकडा. तेल नाही, मसाला नाही. ताप असो, कावीळ असो, पोट बिघडलेलं असो, चांगुणाबाईच्या आईने हेच दिलं, आजीने हेच दिलं. माणूस खाऱ्याची चव घेतो आणि पेज पोटात जाते. आजाऱ्याचं अन्न म्हणजे हेच, त्यावर कुणी कधी विचार केलेला नाही.

आणि खाऱ्यात मीठ असतं हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं की. दरवर्षी बांगडे चिरून, पोटात मीठ भरून, थर लावून ती स्वतः दाबून ठेवायची. पण ते मीठ मासळीने खाल्लेलं. मुरलेलं. मिठागरावरच्या बायका तसंच म्हणायच्या: मासळीने मीठ खाल्लं की माणसाला खायला मासळीच उरते. मीठ म्हणजे बरणीतलं, हाताने अन्नात घालायचं ते. खारा म्हणजे खारा. त्याला मीठ कोण म्हणतं? तरी तिने काळजी म्हणून तुकडा दोन पाण्यांत धुऊन घेतला, भाजला आणि पेजेबरोबर नवऱ्यापुढे ठेवला.

गोटीराम दोन वाट्या पेज प्यायला. 'अगो, आजून वाढ,' तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने मागून घेतलं होतं. त्या दिवसापासून सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक तुकडा, न चुकता.

पुढच्या भेटीला वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यापुढच्या भेटीला, जुलैमध्ये, ते आणखी वाढलं होतं. गोटीरामच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडून तसाच राहत होता.

'सव्वातीन किलो,' डॉक्टर म्हणाले. या वेळी ते चांगुणाबाईकडे बघून बोलले. 'मीठ देताय तुम्ही.'

'नाय देत.'

'बाई, काटा खोटं बोलत नाही.'

'मी पन बोलत नाय. घरान मीठच नाय. सगली अलनी खातान आमी.'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 'हे बघा, तुम्हा लोकांचं मला सगळं माहीत आहे. मिठागरात जन्म गेला तुमचा. मिठाशिवाय घास उतरत नाही. इथं हो हो म्हणायचं आणि घरी गेल्यावर मूठभर घालायचं. असला खोटारडेपणा करून मला फसवाल, किडनीला नाही फसवता येत.'

चांगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. 'एकवीरा आईची शपथ,' ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला तसा बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावू लागले. 'मी मीठ घातला असंल तर माझा हात झडंल.'

'शपथा नकोत. मीठ बंद करा. नेक्स्ट.'

सहा मिनिटं. त्यातली चार डॉक्टरांनी कागद चाळण्यात घालवली. काल हा माणूस काय जेवला, एवढंच विचारायला पाव मिनिट पुरलं असतं. पण विचारायचं कशाला? त्यांना सगळं माहीत होतं. आगरी बाई, मिठागरवाली, म्हणजे मीठ खाणारच, आणि वर खोटं बोलणारच. एवढं शिकून हेच शिकले होते.

घरी येईपर्यंत चांगुणाबाई एक शब्द बोलली नाही. नंदकुमारला त्याचीच जास्त भीती वाटली. एसटीत बसल्या बसल्या तिने हिशेब मांडला होता: काटा खोटं बोलत नाही, मी खोटं बोलत नाही, म्हणजे घरात तिसरं कुणीतरी मीठ घालतंय.

तिने स्वयंपाकघरातले डबे उपडे केले. पीठ चाटून पाहिलं, डाळ चाटून पाहिली, हळद-मिरची चाटून पाहिली. आणि तांदळाच्या पिंपामागे वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी तिच्या हाताला लागली. पुडीत मीठ होतं.

'माझी हाय ती,' जयमाला म्हणाली. 'माझ्यासाठी. अलनी खाऊन मना उलट्या होतान, दूध सुटत नाय. माझ्या ताटान चिमूट घेतंय, दुसऱ्या कशान नाय.'

'आनि त्यांच्या पेजेन?'

'नाय आई. पोरीची शपथ.'

'शपथा नको घालूस!' चांगुणाबाई ओरडली. 'खोटारडी! माझ्या नवऱ्याला मारतस तू, आनि नाव माझा जाता!'

आणखी पुष्कळ बोलली. जयमालाच्या आईबापांपर्यंत गेली, तिच्या हाताच्या चवीपर्यंत गेली. पूर्वी सगळे जिची वाहवा करायचे ती आमटी आता पुरावा झाली. शेवंताबाई मध्ये पडायला आली तर तिलाही चार शब्द ऐकावे लागले. गोटीराम आतून 'अगो, पुरे' म्हणाला, पण त्याला दम लागला होता आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला मुलीला घेऊन ओव्याला निघून गेली. तिने सासूकडे बघितलंसुद्धा नाही. नंदकुमार उंबऱ्यात उभा राहिला, आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि कंपनीत निघून गेला. या मुलाने आयुष्यात कुठल्याच बाजूने कधी तोंड उघडलं नाही. त्याचा रागही करता येत नाही, एवढा तो पुळचट.

आता घरात सून नव्हती, पुडी नव्हती, स्वयंपाक चांगुणाबाई एकटी करत होती. आणि सूज वाढतच होती.

कुणाही माणसाला इथं शंका यावी. तिलाही आली, पण भलतीकडे. तिने विहीर बदलली. तळोज्याच्या कंपन्यांचं पाणी जमिनीत उतरून विहिरीत आलं असेल, असं म्हणून लांबच्या विहिरीवरून हंडे आणले. तांदूळ बदलला. चूल सारवली. बयाबाई म्हणाली, सुनेला उगाच घालवलीस. तिलाही दारातूनच परत पाठवलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ बांगड्याचा तुकडा दोन पाण्यांत धुऊन, भाजून, स्वतःच्या हाताने नवऱ्याला भरवला, कारण आता त्याच्याने हात वर होत नव्हता.

नारळी पौर्णिमेच्या आधी चार दिवस दुपारी गोटीरामला आडवं होता येईना. आडवा झाला की श्वास कोंडायचा. छातीत पाणी भरलं होतं. शेजाऱ्यांनी कळंबोलीहून येणारा टेम्पो थांबवला आणि त्यातून त्याला पनवेलला नेलं. इंजेक्शनं दिली, नळी लावली, नाकाला ऑक्सिजन. दोन दिवसांनी तो बसून बोलू लागला तेव्हा चांगुणाबाईने शेजारणीकरवी घरून पेज मागवली, आणि डबा उघडला.

वॉर्डात भिमाबाई नावाची आया होती. महाडकडची, नवबौद्ध, नवरा कळंबोलीला ट्रकवर क्लीनर, स्वतः दहा वर्षं इस्पितळात. ती शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. तिने मान वळवली.

'मावशी, वास कसला येतोय?'

'पथ्याचा हाय,' चांगुणाबाई म्हणाली. 'पेज आनि खारा.'

भिमाबाईने चादर तशीच टाकली आणि येऊन डब्यात बघितलं. 'हे रोज देता तुम्ही यांना?'

'दोन येल. दोन पान्यान धुवून देतंय.'

'अहो मावशी, यांना तर मीठ बंद केलंय ना?'

'बंदच हाय. दोन म्हैनं झाला, घरान मिठाचा दाना नाय. तो डाक्टर मना खोटी म्हनतो...'

'मग हे काय?' भिमाबाईने बोटांनी तुकडा वर उचलला. 'हे तर निव्वळ मीठ.'

'याला कोन मीठ म्हनतो? खारा हाय यो.'

भिमाबाईने तुकड्याचा कोपरा मोडला आणि चांगुणाबाईच्या हातावर ठेवला. 'खा बघू,' म्हणाली. 'दोन महिने अळणी खाल्लंत ना? आता हे खा.'

चांगुणाबाईने तो तोंडात टाकला. अळणीला सरावलेल्या जिभेला तो नुसता झोंबला. तोंडभर मीठ झालं. जन्मभर मिठात पाय बुडवून उभ्या राहिलेल्या बाईला मीठ कळलं नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि ते तिला कळलं नव्हतं. ती डबा मांडीवर घेऊन बसली. गोटीराम खाटेवरून तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

'ऱ्हाऊ दे गो,' तो म्हणाला. 'ग्वाड लागायचा मना.'

एवढं तो बोलला आणि तिला ते सोसवेना. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाहेर बावीस-तेवीस माणसं बसली होती. चांगुणाबाईने नंबर लावला नाही. दारावरचा माणूस 'ओ बाई, ओ बाई' करत मागे धावला, तोवर ती आत पोचली होती. तिने कागदात गुंडाळलेला बांगडा डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या केसपेपरांवर ठेवला आणि कागद उलगडला.

'हे काय आहे? बाहेर घ्या ते!'

'यो खारा. दोन म्हैनं या मानसाला मी योच दिला. मीठ नाय दिला, यो दिला.'

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. 'सुकी मासळी? मीठ लावलेली? अहो, एवढं तर कुणालाही कळेल!'

'मना नाय कलला. पोराला नाय कलला, मॅट्रिक हाय तो. तुमाला कलत व्हता ना? मंग बोललात का नाय? तुमच्या कागदावर चीज लिवलाय. आमच्या सात पिढ्यांनी चीज बगला नाय. पापड लिवला, आमी वर्सातून दोनदा खातान. आनि जा रोज आमच्या ताटान असता ता नाय लिवलात! नावडा, ओवा, खाडीच्या कडेला येवढी गावा, त्यांची मानसा रोज तुमच्या दारान बसतान, त्या गावची लोका काय खातान ता तुमाला ठावं नसल तर तोंड उघडून इचारावा! येक डाव इचारलात मना, काल काय जेवला म्हनून? नाय इचारलात. सरल खोटारडी म्हनलात.'

डॉक्टर करमळकर काही वाईट मनुष्य नव्हते. एकही पैसा न घेता त्यांनी कितीतरी लोकांना तपासलं होतं, हे पनवेलला सगळ्यांना माहीत होतं. पण बरोबर असायची सवय लागलेल्या माणसाचा चेहरा अशा वेळी जसा होतो तसा त्यांचा झाला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ड्रॉवरमधून तो कागद घेतला आणि खाली हाताने लिहिलं.

'काय लिवलात?'

'सुकी मासळी. खारवलेली.'

'खारा लिवा. तुमचा सुकी-बिकी आमाला नाय कलत. खारा, सुकट, जवला, सुका बोंबील. सगला लिव.' रागाच्या भरात ती अरे-तुरेवर आली होती आणि तिला ते समजलंही नाही.

त्यांनी सगळं लिहिलं.

'आता सांगा,' ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. 'या दोन म्हैन्यान किती गेला त्यांचा?'

'सांगता येत नाही,' डॉक्टर म्हणाले. 'गेलेली किडनी परत येत नाही. उरलीय ती सांभाळा.'

'आनि मना खोटारडी म्हनलात, ता मागं घ्या.'

'बाई, बाहेर बावीस पेशंट बसलेत.'

ते त्यांनी मागे घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. त्या गुरुवारनंतर ते दर माणसाला 'काल काय जेवलात' असं विचारू लागले, हे भिमाबाई सांगायची. पण चांगुणाबाईला त्याचं कौतुक नव्हतं. तिला तो एक शब्द परत हवा होता आणि तो मिळाला नाही.

ती तशीच तडक ओव्याला गेली. जयमाला बापाच्या पडवीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सासूला बघून ती उठली नाही. पण चांगुणाबाईचं लक्षच नव्हतं. तिच्या अंगात अजून संताप मावत नव्हता आणि तो ऐकवायला हक्काचं माणूस तिला हवं होतं. पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं, खारा, भिमाबाई, टेबल, कागद. 'बगलास जयमाला, कसा मानूस! काय खातान, कसा शिजवतान, येका शब्दान इचारला नाय. आपन देवाची शपथ घालतंय तर म्हनतो शपथ नको. येक डाव ऐकून घेतला नाय आनि सरल खोटारडी! मी! मना!'

जयमालाने तिला पूर्ण बोलू दिलं. मुलीचं झबलं सारखं केलं.

'मंग तुमी मना किती डाव इचारलात, आई?' ती म्हणाली.

चांगुणाबाईचं तोंड उघडं होतं, पुढचं वाक्य तयार होतं, ते तिथंच राहिलं. पडवीत जयमालाची आई सुपात तांदूळ पाखडत होती, तिचा हात थांबला. चांगुणाबाईच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं आणि या वेळी ते कुणावर काढावं हे तिला कळेना. इतकी वर्षं तिच्या रागाला कुठं ना कुठं जायला जागा असायची. आज तो फिरून तिच्यापाशीच आला.

'चुकला माझा,' ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडी सवयीचे नव्हते, म्हणून ते फार मोठ्याने आले.

जयमाला आत गेली, गाठोडं बांधून बाहेर आली. 'येतंय मी,' म्हणाली. 'बाबांसाठी येतंय. पन चूल माझी. तुमी डब्याला हात लावायचा नाय, त्यांचा ताट वाढायचा नाय. काय खावाचा ता मी बगीन.'

'बरा,' चांगुणाबाई म्हणाली.

गोटीराम त्यानंतर अडीच वर्षं जगला, सुनेच्या हातचं लसूण-मिरचीचं अळणी जेवून. सूज तीन आठवड्यांत उतरली. त्या अडीच वर्षांत चांगुणाबाई नवऱ्याच्या ताटापासून दोन हात लांब, दाराशी बसायची, आणि तिचा नवरा चिंचेचा कोळ लावून भात खायचा ते बघायची. ते दोन महिने गेले नसते तर अडीचाची किती झाली असती, हे तिने पुन्हा कुणाला विचारलं नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी दोघी ओव्याहून नावड्याला बांधावरून चालत निघाल्या. मुलगी चांगुणाबाईच्या कडेवर, जयमाला चार पावलं पुढे. अर्ध्या वाटेपर्यंत चांगुणाबाईने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी ती मागूनच म्हणाली, 'काल काय जेवलीस गो?'

जयमालाने वळून पाहिलं नाही.

'भात,' ती म्हणाली. 'मीठ घालून. पोटभर.'